सहा पांढऱ्या मिश्या

कोळंबीची मिशी एका दमात ओढावी लागते. ब्रशचं टोक कागदाला लागलं की श्वास धरायचा आणि शेवटापर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलं तर तिथे रंगाचा थेंब साचतो, आणि मग ती मिशी राहत नाही, दोरा होतो. अशा रेघा मी पंचवीस वर्षं ओढत आले आहे. झुरळाचे पाय, गवताची पाती, चतुराच्या पंखातल्या शिरा. शाळेच्या आणि लहान मुलांच्या पुस्तकांत प्राणी-पक्ष्यांची चित्रं असतात ना, ती काढणं हे माझं काम.

त्या दुपारी भांडुपच्या आमच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर, पहिलीच मिशी अर्ध्यात असताना रेघ थरथरली.

सकाळपासून नुसत्या चहावर होते. म्हटलं भूक असेल. उठले, पोळी-भाजी खाल्ली, पंखा बंद केला, नवीन कागद घेतला. पुन्हा तेच. रेघ बारीक दातेरी झाली होती, करवतीच्या पात्यासारखी. तिसऱ्यांदा मी ब्रश घेतलाच नाही. दोन्ही हात समोर लांब केले आणि उजव्या हातावर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड फडफडायला लागली. खोलीत वारा नव्हता.

मी कागद खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. किती वेळ बसले कोण जाणे. खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कचरेवाला कचरा घेऊन गेला, आणि मी तशीच.

माझ्या बाबांना कंपवात होता. बावन्नाव्या वर्षी सुरू झाला. त्या दुपारी मी एकोणपन्नासची होते.

बाबा टेलिफोन खात्यात होते, पण वस्तीत लोक त्यांना ओळखायचे ते अक्षरासाठी. आमच्या बुद्धविहाराबाहेर एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते खडूने एक सुविचार लिहायचे. अक्षर इतकं देखणं की लोक पुसू द्यायचे नाहीत. मग ते अक्षर लहान होत गेलं. सुरुवातीला कोणाच्या लक्षातही आलं नाही. वाक्य फळ्याच्या डाव्या टोकाला ठळक सुरू व्हायचं आणि उजवीकडे जाता जाता मुंग्यांची रांग व्हायची. एक दिवस कुणीतरी हळूच म्हणालं की लांबून वाचता येत नाही, आणि खडू दुसऱ्याच्या हातात गेला. त्यानंतर बाबा दहा वर्षं जगले. शेवटची तीन वर्षं मी त्यांना भरवत होते.

त्यामुळे त्या दुपारी मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. डॉक्टर. पण मी तसं केलं नाही. मी तिन्ही कागद फाडले, तुकडे कचऱ्याच्या पिशवीच्या तळाशी घातले आणि वर कांद्याची सालं टाकली. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला, त्याने विचारलं काम कसं चाललंय. म्हटलं, छान.

काम कॉलेजातल्या मैत्रिणीने दिलं होतं. तिचं अंधेरीला, एमआयडीसीत छोटं ऑफिस आहे, मुलांची पुस्तकं काढते. आता समुद्रावरचं पुस्तक करायचं होतं, आणि त्यातली मधली दोन पानं प्रवाळाच्या खडकावरच्या सफाई करणाऱ्या कोळंबीची. मोठे मासे तिच्याकडे येऊन उभे राहतात, तोंड उघडतात, आणि ती त्यांच्या अंगावरचे, दातांतले किडे वेचून खाते. त्या एका चित्रावर मैत्रिणीचा फार जीव होता. मी म्हटलं होतं की फोटो वापर की. ती म्हणाली, फोटो फोनवर ढिगाने आहेत, मुलांना हाताने काढलेलं दाखवू दे. हे सांगताना तिने माझा हात हातात घेतला होता. पुढचे दोन दिवस मला तेच सारखं आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी मी स्वतःला एक कारण शोधून दिलं. फोटोवरून काढतेय म्हणून हात कचरतोय. जिवंत कोळंबी बघितली की रेघ येईल. मला तेव्हा काहीही पटलं असतं.

समुद्री मासे आणि कोळंबी पाळणारा एक माणूस चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आहे असं कळलं. भांडुपहून रिक्षाने अंधेरी, तिथून मेट्रोने कांदिवली पश्चिम, आणि पुन्हा रिक्षा. मेट्रोत बसायला जागा होती. समोरच्या सीटवरची बाई पर्समधून टिकली काढून फोनच्या आरशात बघून लावत होती. गाडी हलत असताना तिने टिकली अगदी मध्यावर लावली. मी तिच्या बोटांकडे इतकी टक लावून पाहत होते की तिने फोन खाली करून माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली.

त्या माणसाचा गाळा तळमजल्यावर होता. बाहेर प्लास्टिकच्या साच्यांचा कारखाना, आत निळा उजेड, पंपांची घरघर आणि ओल्या मिठाचा वास. भिंतीला लागून काचेच्या टाक्या. माणूस साठीचा, अंगात बनियन, पायात रबरी चपला. मूळचा मालवणकडचा. तरुणपणी लक्षद्वीपला पर्यटकांना पाण्याखाली न्यायचा, मग कानाचा पडदा फाटला आणि डुबक्या बंद झाल्या. हे सगळं त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, कारण मी काहीच बोलत नव्हते. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून उभी होते.

त्याने मला मागच्या टाकीपाशी नेलं. आत प्रवाळाचा खडक होता, त्याला पुढे आलेली कपार, आणि त्या कपारीच्या छताला दोन कोळंब्या उलट्या लटकल्या होत्या. बोटभर लांब. अंगाच्या बाजू पिवळसर, काचेसारख्या, पलीकडचं दिसेल अशा. पाठ लालभडक, आणि त्या लालाच्या बरोब्बर मधून डोक्यापासून खाली गेलेला पांढरा पट्टा. शेपटीवर पांढरे ठिपके. आणि मिश्या. प्रत्येकीला सहा, पांढऱ्याशुभ्र, अंगापेक्षा लांब. पायांनी छताला धरून त्या डावी-उजवीकडे झुलत होत्या, आणि मिश्या पाण्यात हलत होत्या. एकही मिशी कुठे अडखळत नव्हती.

फोटोत पाहिल्यापेक्षा त्या फार सुंदर होत्या. मला रडू यायला लागलं, आणि ते सौंदर्यामुळे नव्हतं.

माणूस सांगत होता. खडकावर यांची ठरलेली जागा असते, मासे तिथे येतात. अंगावर किडे चिकटलेले असतात, कुठे जखम असते. मासा समोर येऊन थांबतो, कल्ले फुलवतो, काही मासे तर रंग बदलतात म्हणजे हिला किडे दिसावेत. ही आधी मिशीने चाचपून बघते आणि मग अंगावर चढते. त्याने एकदा लक्षद्वीपला गोब्रा मासा बघितला होता, त्याच्या कमरेएवढा. तोंड उघडं ठेवून तो जागेवर तरंगत होता आणि ही कोळंबी त्याच्या जबड्यात, दातांच्या आत, चिमट्यासारख्या पायांनी काहीतरी उपटत होती.

"ती आत असताना त्याने तोंड मिटलं तर?" मी विचारलं. गाळ्यात शिरल्यापासून मी बोललेलं ते पहिलंच धड वाक्य असेल.

"मी तरी नाही बघितलं," तो म्हणाला. "पण मी असं कितीसं बघितलंय?"

मग तो म्हणाला की हात घालून बघा. त्या माणसाच्या हातावरही चढतात, नखांच्या कडेची मेलेली कातडी काढतात, गुदगुल्या होतात. मी नको म्हटलं. त्याला वाटलं मी कोळंबीला घाबरतेय. "काय नाय करत, ताई. बोटं फक्त सैल सोडा."

नाही म्हणत राहिले असते तर ते जास्तच विचित्र दिसलं असतं. मी बाही कोपरापर्यंत वर केली आणि उजवा हात पाण्यात घातला.

पाणी कोमट होतं. थोड्या वेळाने एक कोळंबी छतावरून सुटून खाली आली. माझ्या मधल्या बोटाला तिची मिशी लागली. इतका हलका स्पर्श की डोळे मिटले असते तर कळलाही नसता. मग ती चढली. नखाच्या कडेला वाळलेला रंग होता, तो ती टोचून काढायला लागली. बारीक, कोरडं टोचणं, पेन्सिलच्या टोकासारखं. मी श्वास रोखला होता. हात हवेत आडवा धरल्यासारखा पाण्यात आडवा होता, आणि मला माहीत होतं आता काय होणार.

हात थरथरला. कोळंबीने शेपटी झटकली आणि ती एका क्षणात कपारीत परत.

"येईल, येईल," माणूस म्हणाला.

दुसरी आली. चढली, बोटांच्या बेचक्यात गेली. पुन्हा हात हलला, पुन्हा ती गेली. तिसऱ्या वेळी दोघी समोर आल्या, लांबूनच मिशी लावून बघितली आणि चढल्याच नाहीत. तिथेच उभ्या राहून झुलत राहिल्या.

मी हात बाहेर काढला. कोपरावरून पाणी ओघळून चपलेवर पडत होतं. माणसाने टॉवेल दिला. मग त्याने सांगितलं की मासा तोंड मिटण्याआधी अंग झटकतो. थोडंसंच, थरथरल्यासारखं. आता पुरे, बाहेर ये, असं. त्यावर ही लगेच बाहेर येते. "तुमचा हात हलतोय. तिला वाटतं तुम्ही जा म्हणताय."

मी म्हटलं पाणी गार होतं. पाणी गार नव्हतं हे त्यालाही माहीत होतं.

"दाखवलंत का कुठे?" त्याने विचारलं.

मी फोन काढला, कोळंब्यांचं चित्रण केलं, आभार मानले आणि निघाले. ते चित्रण मी नंतर कधीच वापरू शकले नाही. सगळंच्या सगळं हललेलं होतं.

पुढचे बारा दिवस मी ज्या भीतीत काढले ती मला कोणाच्या वाट्याला यावी असं वाटत नाही. मी दिवसभर स्वतःवर पाळत ठेवायचे. जिना उतरताना पाय ओढतोय का? बाबांचा ओढायचा. आरशात चेहरा ताठ दिसतोय का? किराण्याची यादी लिहिताना मी पट्टी घेऊन अक्षरांची उंची मोजायचे, पहिल्या ओळीची आणि शेवटच्या. साखर हा शब्द पोह्यांपेक्षा लहान आला तर यादी फाडून पुन्हा लिहायचे. शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला खिरीची वाटी घेऊन आली तर मी तिच्या हातून वाटी घेतली नाही, टेबलावर ठेव म्हटलं. चहा एकटी असतानाच प्यायचे. आणि चित्र? कोळंबीचं अंग झालं होतं. लाल पाठ, पट्टा, शेपटीचे ठिपके, सगळं छान उतरलं होतं, कारण रंग भरताना मनगट टेबलावर टेकतं. फक्त मिश्या नव्हत्या. ते चित्र टेबलावर पडलेलं असायचं, आणि मिश्यांशिवाय ती कोळंबी आंधळी वाटायची. मी तिच्यावर वर्तमानपत्र झाकून ठेवायचे.

मैत्रिणीचे फोन येत होते. मी म्हणायचे, आज पाठवते, उद्या पाठवते. एकदा तिने सरळ विचारलं, "तुझं काय चाललंय गं? तू कधी उशीर करत नाहीस." मी म्हटलं घरी पाहुणे आहेत.

शेवटी मी गेले ती धाडस करून नव्हे. त्या सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना हात हलला आणि दूध पायावर सांडलं. पाऊल भाजलं. नवऱ्याने बाथरूममध्ये पायावर नळाचं पाणी धरलं, आणि मला तिथे, ओल्या फरशीवर बसून, सगळं सांगावं लागलं. तो पाण्याची धार धरून उकिडवा बसला होता. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "मला माहितीय."

त्याला दिवाळीपासून माहीत होतं. माझ्याही लक्षात न येता मी ताट वाढताना डाव्या हाताने उजवं मनगट धरते हे त्याने बघितलं होतं. मी आपणहून सांगेन म्हणून तो थांबला होता, आणि तोही घाबरला होता. बाबांच्या शेवटच्या वर्षात त्यांना उचलून खुर्चीत बसवायला तोच असायचा. मला त्याचा राग आला. इतके दिवस त्याने मला एकटीला भिऊ दिलं, असं वाटलं. आणि मग मी तेच त्याच्याशी केलं होतं हेही लक्षात आलं.

दोन दिवसांनी आम्ही घाटकोपरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. माझं आणि बाबांचं ऐकून घेऊन त्यांनी मला चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं चिमटीसारखी उघडझाप करायला लावली, मनगट धरून हळूहळू फिरवून बघितलं. मग एक कागद पुढे केला आणि म्हणाल्या, यावर एक गोल काढा, आतून बाहेर, जिलेबीसारखा, हात टेबलाला न टेकता.

पंचवीस वर्षं चित्रं काढून मी एवढी कशालाच घाबरले नव्हते. पेन धरलं आणि काढायला लागले. जिलेबी मोठी आली, बाबांच्या अक्षरासारखी बारीक होत गेली नाही, पण तिची प्रत्येक फेरी दातेरी होती. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाबांचा हात कधी हलायचा? आठवतंय?"

मी म्हटलं, कायमच.

"नीट आठवा. लिहिताना? कप उचलताना?"

मी डोळे मिटले. विहारातली दुपार डोळ्यांसमोर आली. बाबा मांडी घालून बसले आहेत, वंदना चालू आहे, आणि मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात हलतो आहे. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरतात, पिठाची गोळी वळल्यासारखे. मग कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करतं. ते हात उचलतात आणि हात थांबतो. खडू धरला तरी थांबायचा. अक्षर लहान यायचं, पण रेघ कधी थरथरली नव्हती. मी इतकी वर्षं त्या हाताजवळ होते आणि हे कधी मनात मांडलंच नव्हतं.

"आता तुमचे हात बघा," डॉक्टर म्हणाल्या.

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर पडले होते. अगदी शांत.

त्यांनी सांगितलं की हा कंप वेगळा आहे. काम करताना, हात उचलून धरला की येतो. बाबांना होता तो कंपवात त्यांना आज माझ्यात दिसत नाही. 'आज' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला, मी नेमका तोच धरून बसेन हे त्यांना कळलं असावं. हा वेगळा कंपही बरा होत नाही. हळूहळू वाढू शकतो. रक्ताची तपासणी सांगितली, एक छोटी गोळी लिहून दिली, आणि दर महिन्याला एक जिलेबी काढून तारीख घालून ठेवा म्हणाल्या. बाहेर आल्यावर नवरा रस्त्याच्या कडेला थांबला आणि त्याने चष्मा काढून पुसला. मला वाटलं होतं अशी बातमी मिळाली तर मी नाचेन. मी विचार करत होते की हळूहळू म्हणजे किती हळू.

मैत्रिणीला मी समोर बसून सांगितलं. अंधेरीला तिच्या ऑफिसात गेले, चित्र बरोबर नेलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग मिश्या नसलेल्या कोळंबीकडे बघून म्हणाली, "मग आता हिचं काय करायचं?"

क्षणभर मला ते लागलं. पण तिने सांत्वन केलं असतं तर मी तिथे बसू शकले नसते. मी म्हटलं, मिश्या कंप्युटरवर करू. हाताने काढलेलंच हवं असं म्हणणारी तीच होती, पण तिने लगेच मान डोलावली. ऑफिसात एक मुलगी होती, जेमतेम पंचविशीची. तिने चित्र स्कॅन केलं आणि मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. दोन मिश्या समोर, माशाच्या दिशेने. दोन वर, कमानीसारख्या. दोन मागे, पाण्याच्या ओढीला वळलेल्या. ताठ नको, मी म्हणत होते, ती चाचपून बघतेय, अजून चढलेली नाही. मुलीने मनगट हलवलं आणि सहा मिश्या आल्या. पूर्ण, स्वच्छ, एकेका दमात. चहा येईपर्यंत काम झालंही होतं. ती माझ्याकडे वळून विचारत होती की बरोबर आहे ना मॅडम, आणि मला नवीनच भीती वाटली, आजाराची नव्हे, आपली गरजच न उरण्याची. मी म्हटलं, बरोबर आहे.

पुस्तक छापून आलं. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली त्या मुलीचं नाव आहे, ते मीच घालायला लावलं. मधली पानं मी अजून फार वेळ बघू शकत नाही. आता मी मोठी चित्रं घेते. झाडं, हत्ती, ढग, खडक. गोळीने थोडा फरक पडतो, सकाळी जास्त. कपात चहा अर्धाच भरून घेते, आणि चारचौघांत पिते.

जिलेब्यांची वही टेबलाच्या खणात असते. गेल्या रविवारी मी पाचवी काढली आणि आधीच्या चारींशी ताडून बघत बसले. कंप वाढलाय की नाही ते मला खरंच कळेना. कधी वाटायचं तिसरीपेक्षा बरी आहे, कधी वाटायचं सगळ्यांत वाईट. नवरा मागून आला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि शेजारी स्वतःची जिलेबी काढली, हात टेबलाला न टेकता. माझ्यापेक्षा वाकडी आली. त्याने तिच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, तारीख घातली, आणि भाजी आणायला निघून गेला. मी वही मिटली नाही. बराच वेळ ते दोन गोल बघत बसले.